कुणाचीच नसलेली खूण

वाटूरला आमची पिठाची गिरणी होती आणि घर गिरणीच्या मागच्या अंगाला. त्यामुळे माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं तर तो गिरणीच्या पट्ट्याचा. सकाळी आठला अण्णा मोटार सुरू करत. पट्टा आधी थोडा फटफटायचा, मग एका सुरात लागायचा, आणि त्या सुरावर घरातली सगळी बोलणी चढ्या आवाजात चालायची. दुपारी लाइट गेली की आवाज एकदम थांबे आणि आपण किती ओरडून बोलत होतो ते सगळ्यांना ऐकू येई. पीठ सगळीकडे असायचं: मिठाच्या बरणीवर, उशांवर, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात. अण्णांच्या पापण्या संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होत. फाट्यावर थांबलेल्या एसट्यांचे हॉर्न, हॉटेलातल्या भज्यांचा वास आणि हे पीठ, एवढ्यात आमचं घर होतं. घरात आम्ही चौघं: अण्णा, आई, मी, म्हणजे सुनी, आणि धाकटी बहीण मंगल.

गिरणीतलं माझं काम डब्यांचं. दळण येई ते तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत, आणि सगळे डबे एका तोंडावळ्याचे. शेजारच्या गयाकाकूंची ज्वारी एकदा दुसऱ्या घरी गेली आणि त्यांच्याकडे कुणाची तरी बाजरी आली. त्या दोन दिवस ओट्यावर बसून आम्हाला ऐकवत होत्या. तेव्हा मी सहावीत असेन. मी बाजारातून लाल आणि निळं नेलपॉलिश आणलं आणि प्रत्येक घराला एक खूण देऊन टाकली. गयाकाकूंना तीन लाल ठिपके, चुलीच्या दगडांसारखे. पोस्टमन मामांना एक निळी आडवी रेघ. कुणाला दोन ठिपके, कुणाला फुली. या सगळ्यांची एक वही केली आणि गिरणीच्या खिळ्याला दोरीने टांगली. ठिपका गोलच आला पाहिजे असा माझा हट्ट असे. त्यासाठी मी पेन्सिलीचं मागचं सपाट टोक वापरायची. पेन्सिल गोल हवी, सहा बाजूंची चालत नाही. नुसता एक लाल ठिपका मात्र मी कुणालाच दिला नाही, कारण मुद्दाम काढलेला एक ठिपका आणि चुकून सांडलेला थेंब यांत फरक कळत नाही. वहीत त्या खुणेसमोरची जागा कोरी होती.

पुढे सगळं आयुष्य याद्या करण्यातच गेलं. आज मी एका शाळेच्या कार्यालयात आहे. हजेरी, पुस्तकं, पोषण आहाराचा तांदूळ, सगळं माझ्याकडे. पण पहिली यादी ती, आणि तिच्यातल्या त्या कोऱ्या जागेबद्दल मला लिहायचं आहे.

आत्या आमच्याकडे आली तेव्हा मी आठवीत होते आणि मंगल चार वर्षांची. कमल तिचं नाव, अण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होते. ते बरेच दिवस आजारी होते आणि मग गेले. महिनाभराने अण्णा तिला घेऊन आले. एक पिशवी, एक वळकटी आणि तिच्या हातातलं पोळपाट-लाटणं एवढंच सामान. सासरच्यांनी बाकी काही दिलं नाही की तिने मागितलं नाही, हे आम्हा मुलींना कुणी सांगितलं नाही. आम्हाला एवढंच कळलं की आता आत्या इथेच राहणार.

ती आली आणि घरातलं जेवण बदललं. आई कामाची होती, पण तिचा स्वयंपाक म्हणजे उरकणं. आत्या धपाटे थापायची ते फडक्यातून काढताना एकदाही फाटले नाहीत. मिरच्या तव्यावर भाजून, लसूण घालून तांब्याच्या बुडाने ठेचायची, आणि मंगल ठेचा मागते म्हणून तिच्यासाठी दाण्याचं कूट जास्त घालून वेगळा लाल गोळा करून ठेवायची. मंगल तिच्या ताटातच जेवायची. दुपारी आत्या गिरणीत उभी राही. डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतायचा, खाली पीठ बोटांत घेऊन बघायचं, जाड आहे की बारीक. बायका तिच्यावर खूश. गयाकाकू म्हणायच्या, "कमे, तू आल्यापसून भाकरी फुगायला लागली बघ. तुझ्या भावाला पिठातलं काय बी कळत न्हाई."

"त्याला कळतं काकू, पण तो तुमच्या तोंडाकडं बघून घाबरतो, अन् मंग जाडंच दळतो," आत्या म्हणायची. गयाकाकू तिला हातातल्या सुपाने मारल्यासारखं करायच्या.

त्याच वर्षी शाळेत तक्त्यांची स्पर्धा निघाली. विषय एड्स. तेव्हा तो शब्द सगळीकडे होता. एसटी स्टँडच्या भिंतीवर होता, रेडिओवर होता, फाट्यावर एकदा पथनाट्यवाले येऊन गेले त्यांच्या ढोलकीतही होता. बायका तो शब्द ऐकला की पदर नीट करून दुसरीकडे बघत. आमचे विज्ञानाचे सर तरुण होते. त्यांनी मला सांगितलं, "तुझं काम नीटनेटकं असतं. तू जगाचा नकाशा कर. कोणत्या देशात किती लोकांना हा रोग आहे ते रंगाने दाखव." त्यांनी वर्तमानपत्राची कात्रणं आणि एक सरकारी पुस्तिका दिली. नकाशावर देश रंगवायचे, आणि दोन्ही बाजूंना दोन याद्या: हा रोग कशाने होतो, कशाने होत नाही. माझ्यासारखीला यापेक्षा चांगलं काम मिळणं शक्य नव्हतं.

मी नकाशा जमिनीवर पसरून बसले होते आणि आत्या शेजारी बसून लसूण सोलत होती. आफ्रिकेच्या खालच्या बाजूचे देश मी गडद लाल करत होते. रंगाची कांडी संपत आली तेव्हा ती म्हणाली, "दे, मी घासते. तू बारीक कामाची, हे माझं काम हाय." आणि लसणाचे हात पदराला पुसून तिने एक अख्खा देश रंगवून दिला.

"इथं येवढ्या लोकांना हाय?"

"हो. लाल म्हणजे सगळ्यात जास्त. मग नारिंगी, मग पिवळा."

"आन् आपून?"

"पिवळा. पण सर म्हणाले की आपल्या राज्यात जास्त आहे. नकाशात राज्य दाखवायला जागा नाही."

ती थोडा वेळ घासत राहिली. मग म्हणाली, "जिथं येवढ्या लोकांना हाय, तिथं कुणी कुणाचं ताट बाजूला काढत नसंल. किती ताटं काढशील?"

"ताटाने होतच नाही," मी म्हणाले. मी लगेच उजवीकडची यादी दाखवली. "हे बघ, चार नंबर. एका ताटात जेवल्याने होत नाही. पाच नंबर, एकमेकांचे कपडे वापरल्याने होत नाही. सहा, डास चावल्याने होत नाही."

"बराबर हाय," ती म्हणाली. "अन् हे पांढरे देश? तिथं बिलकुलच न्हाई?"

"पांढरे म्हणजे माहिती मिळाली नाही."

"म्हंजी असंल. सांगत न्हाईत." तिने रंगाची कांडी खाली ठेवली आणि पुन्हा लसूण घेतला. "तुझ्या त्या कागदात औषधाचं काय लिवलं का? कोणत्या देशात हाय का औषध?"

कात्रणात होतं. काही देशांत रोज गोळ्या घेऊन लोक वर्षानुवर्षं नीट जगतात असं लिहिलेलं होतं. मी तिला ते वाचून दाखवलं. तिने ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मला वाटलं, तिला माझा तक्ता आवडला आहे.

तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि मला तो स्टेजवर उभं राहून वाचून दाखवायला लागला. दोन्ही याद्या मी न अडखळता म्हटल्या. टाळ्या झाल्या. आई आली नव्हती, गिरणी होती. आत्या आली होती, बायकांमध्ये मागे बसली होती, आणि मी चार नंबर म्हटला तेव्हा मान हलवत होती.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे तो सण मोठा. मुखवटे, साड्या, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी आणि जेवायला गल्लीतल्या बायका. घर आवरायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते यादीप्रमाणे करत होते. चार दिवस आधी ट्रंका झाल्या, मग फडताळ. फडताळाच्या वरच्या कप्प्यात आत्याची पिशवी होती. ती मी झटकायला घेतली आणि घड्या घातलेले कागद खाली पडले. दवाखान्याचे कागद होते. ते तारखेप्रमाणे लावून ठेवावेत एवढाच माझा विचार होता. एका कागदावर इंग्रजीत तीच तीन अक्षरं होती, एच आय व्ही, जी मी तक्त्याच्या वर जाड काळ्या शाईने काढली होती. त्यांच्यापुढे पेनाने लिहिलेलं: पॉझिटिव्ह. वर आत्याचं नाव.

मी ते कागद तारखेप्रमाणेच लावले. पिशवी होती तिथे ठेवली. हे आठवलं की मला अजून नवल वाटतं. रडले नाही, कुणाला काही विचारलं नाही. बाहेर आले तर आत्या ओट्यावर बसून मंगलला भात भरवत होती. एक घास तिला, एक स्वतः.

मग मी काय केलं ते सांगते. दुपारी गिरणीतून लाल नेलपॉलिशची बाटली घेतली, गोल पेन्सिल घेतली, आत्या रोज ज्या ताटात जेवायची ते काठाला पोचा आलेलं ताट उलटं केलं आणि बुडाला मधोमध एक लाल ठिपका काढला. कोणती खूण द्यायची याचा विचार करावा लागला नाही. एकच शिल्लक होती. म्हटलं, एवढं एक ताट मी लक्षात ठेवीन. मंगलला त्यात जेवू देणार नाही, भांड्यांच्या ढिगात ते सगळ्यात खाली ठेवीन, आणि कुणाला काही कळणार नाही. चार नंबर मला पाठ होता. तो खोटा आहे असं मला एक क्षणही वाटलं नाही. तरी हात थांबला नाही.

मी नंतर कुठेतरी वाचलं की निरनिराळ्या देशांत लोकांना या रोगाबद्दल किती कळतं ते पाहायला माणसं घरोघर जातात आणि काही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांत एक असा असतो: भाजीवाल्याला हा रोग आहे असं कळलं तर तुम्ही त्याच्याकडून भाजी घ्याल का? मला कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी ताबडतोब हो म्हटलं असतं आणि माझ्या उत्तराने आमच्या देशाचा आकडा चांगला झाला असता. घरातली ताटं उलटी करून कुणी बघत नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरणाचं पातेलं आत्याशिवाय कुणी हलवत नव्हतं. सवाष्णींच्या पंगतीला ती बसायची नाही, ते तेव्हा कुणी बोलूनही दाखवत नसे. पण पोळ्या तिच्या, कटाची आमटी तिची, आणि पंगतीतून तिच्या नावाने हाका. शेजारच्या दोन घरांतून ताटं मागून आणली होती. त्यांच्या काठांवर नावं कोरलेली होती, आमची बिनानावाची. मी सकाळी सगळी यादी केली आणि त्या गडबडीत ते पोचा आलेलं ताट बाजूला काढायचं राहिलं. पंगत बसल्यावर लक्षात आलं. मी पाणी वाढत वाढत सगळ्यांच्या काठांकडे बघत गेले. ताट गयाकाकूंपुढे होतं. त्यांची दुसरी पोळी चालू होती आणि त्या तुपाच्या वाटीकडे बघून मला म्हणत होत्या, "सुने, तूप काय दुरून दाखवाया आणलं का? वाढ की!"

मी वाढलं. तूप ताटाबाहेर गेलं.

जेवणं झाल्यावर दोघी-तिघी भांडी पुसायला बसल्या. गयाकाकू नावं वाचून ज्याची त्याची ताटं वेगळी करत होत्या, आणि नाव नसेल ते उलटंपालटं करून आमच्या ढिगात टाकत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अगं, ह्याच्या बुडाला लाल ठिपका कशाचा?" त्यांनी ताट वर धरलं. "सुने, हे तुझंच काम दिसतं. कोणाचं ताट हे? एक ठिपक्याचा डबा तर गिरणीत कोणाचाच न्हाई."

गिरणीतल्या खुणा त्यांना माझ्याइतक्याच माहीत होत्या. चुलीपाशी आत्या शेवटची पोळी लाटत होती. तिने वर पाहिलं. ताटाचा पोचा तिलाही तिथून दिसत असणार. तिच्या हातातली पोळी लाटण्याखाली फाटली आणि पुरण बाहेर आलं. तिची पोळी फाटलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

इथे काय पणाला लागलं होतं ते मला त्या वयातही कळत होतं. गल्लीतलं प्रत्येक पीठ आत्याच्या बोटांतून जात होतं. कुणाला नुसती शंका आली असती तर दुसऱ्या दिवसापासून डबे फाट्यापलीकडच्या गिरणीत गेले असते, आणि आत्या कुठे गेली असती ते मला सांगता येत नाही.

आई मोरीतून हात पुसत आली. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं.

"आमचंच हाय ते," ती म्हणाली. "कोणाच्या कार्याला ताटं गेली की माघारी बराबर येत न्हाईत. म्हणलं, आपल्या ताटांवर खूण करावी. एक ठिपका आमचा. एकच झालं अन् हे सणाचं काम निघालं, बाकीची तशीच राह्यली."

"मला वाटलं कोण्या परक्याचं बदलून आलं," गयाकाकू म्हणाल्या. त्यांनी ताट आमच्या ढिगात टाकलं आणि पुढचं उचललं. "चांगलं केलं. माझी दोन वाट्या न् एक तांब्या असाच गेलाय. कमे, ती फाटकी पोळी टाकू नको, मला दे बांधून."

बायका गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मंगल लक्ष्म्यांपुढे झोपली होती. अण्णा गिरणीत होते, पट्टा चालू होता. आत्याने ते ताट ढिगातून काढलं आणि आईपुढे उलटं ठेवलं.

"वैनी, हे कोणी केलं?"

मी दारात उभी होते. 

"म्या केलं," आई म्हणाली.

आत्याने खाली वाकून ठिपका पाहिला, मग आईच्या तोंडाकडे. "मला सांगायचं तरी. मी आपणहून वेगळं घेतलं असतं." ती फडताळापाशी गेली आणि पिशवी काढली.

"कुठं निघाली?"

"भोकरदनला. मावशी हाय तिथं."

"आता कुठली बस हाय?"

"सकाळची हाय."

"मंग सकाळी जा. सुने, बाटली आण."

मी बाटली आणली. पेन्सिलही आणली. पेन्सिल तिने घेतली नाही. घरातली सगळी ताटं तिने जमिनीवर उलटी मांडली. ताटं झाली, मग वाट्या, मग पेले. बाटलीत बोट बुडवायचं आणि एकेकाच्या बुडाला टेकवायचं. आईच्या हाताला चटचट करायची सवय होती. कुठे ठिपक्याला शेपटी फुटली, कुठे नुसता फराटा, कुठे दोन थेंब पडले. नेलपॉलिशचा वास पुरणाच्या वासात मिसळला.

"वैनी, येडी झाली का तू?" आत्या पिशवी हातात धरून म्हणाली.

"गयाबाई उद्या परत येणार. ती चार ताटं उलटी करून बघितल्याबिगर राहत न्हाई, तुला माहीत न्हाई का? एकालाच ठिपका दिसला तर काय सांगू तिला?" आईने मान वर केली नाही. "उभी कामून राह्यली? ही वाळलेली उचल, पुढची मांड. जल्दी. तुझा दादा आला तर त्यालाबी ठिपका लावीन."

 आत्या पिशवी खुंटीला अडकवून खाली बसली आणि वाळलेली ताटं उचलायला लागली. त्या रात्री पंगतीत कुणाला कोणतं ताट आलं ते मला माहीत नाही. मी मान खाली घालून जेवले. सकाळची बस गेली तेव्हा आत्या गिरणीत गयाकाकूंचं दळण ओतत होती.

दुसऱ्या दिवशी आईने मला गिरणीच्या मागे गाठलं. मला वाटलं, मारणार. ती म्हणाली, "माझ्यावर रागावली तर भांडंल अन् घरातच राहील. तू केलं म्हणून कळलं असतं तर ती थांबली नसती. तोंड बंद ठेवायचं." एवढं बोलून ती गेली. आत्याच्या आजाराचं तिला आणि अण्णांना पहिल्यापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही. वहीत मी कोऱ्या जागी लिहिलं: एक लाल ठिपका, आपलं घर. मंगल पूर्वीसारखी आत्याच्या ताटात जेवत राहिली आणि मी तिला उठवलं नाही. पहिले काही दिवस मी तिच्याकडे बघत असे. मग बघायचं सुटलं.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आत्याची तब्येत खालीवर झाली. एका पावसाळ्यात ती इतकी वाळली की गिरणीत डबा उचलेना, आणि आम्ही कावीळ झाली म्हणून सांगितलं. मग सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्याचं कळलं. अण्णा तिला घेऊन गेले. गोळ्यांच्या तारखांचा तक्ता मी केला. अजून मीच करते. गेल्या इतक्या वर्षांत तिचा एकही दिवस चुकलेला नाही, आणि यात माझ्या तक्त्याचा वाटा किती आणि तिच्या हट्टाचा किती हे मी ओळखून आहे. गयाकाकूंचं त्या ताटातून काही बिघडलं नाही हे सांगायची गरज नाही, पण नोंद म्हणून सांगते: त्या अजून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. गिरणी आता मंगल आणि तिचा नवरा चालवतात. डब्यांवर स्टिकर असतात.

ताटांवरचं नेलपॉलिश घासून घासून चार-सहा महिन्यांत जायचं. आई दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी ते पुन्हा लावायची, बोटाने, तसंच वेडंवाकडं. ते का लावतात हे मंगललाही माहीत नव्हतं. ती समजायची, आमच्या घरची रीत आहे. मागच्या हिवाळ्यात आई गेली. यंदा महालक्ष्म्यांसाठी मी दोन दिवस आधी वाटूरला गेले, यादी काढली, कामं वाटून दिली, आणि दुपारी आत्या आणि मी ताटं घेऊन ओसरीवर बसलो. ती आता साठीला आली आहे, चष्मा लागला आहे. ते पोचा आलेलं ताट ढिगात होतंच. मी बाटलीचं झाकण उघडलं आणि ठरवलेलं वाक्य बोलून टाकलं. ते मी जालन्याहून येताना बसमध्ये तीनदा मनात म्हटलं होतं.

"आत्या, तो पहिला ठिपका आईने लावला नव्हता. मी लावला होता."

ती चष्मा पुसत होती. तिने तो पुसून डोळ्यांवर चढवला.

"मला काय आज सांगून राह्यली? मला तवाच माहीत होतं."

"आईने सांगितलं?"

"ती कशाला सांगंल? ती मरेपर्यंत म्याच केलं म्हणत राह्यली." आत्या हसली. "अगं, तो ठिपका गोल होता. तुझ्या मायला कवा गोल ठिपका आला का? त्या दिवशी संध्याकाळी तिनं समदी ताटं रंगवली. एक तरी गोल होता का त्यात?"

 एवढी वर्षं ताटं मांडणारी, मोजणारी मी, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

"मग तू थांबलीस का?"

"गेले असते की. पिशवी घेतली व्हती हातात. पण तिनं बोट बुडवून तो पहिला फराटा वढला, तवा माझ्या ध्यानात आलं की ही तुझ्यासाठी खोटं बोलून राह्यली, अन् माझ्यासाठी बी. दोघींच्या मधी बसली ती. तिला तसंच टाकून कशी जाणार व्हते?" तिने एक ताट उलटं करून माझ्यापुढे सरकवलं. "तुझा राग आल्ता. दोन-तीन वर्षं व्हता. मंग तू तारखांचे तक्ते करून राह्यली, तवा म्हणलं, जाऊ दे."

मी पर्समधून पेन्सिल काढली. गोल. मी अजून गोलच घेते.

"ती ठेव आत," आत्या म्हणाली. "बोटानं लाव."

मी बोट बाटलीत बुडवलं आणि पोच्याच्या ताटावर टेकवलं. सवयीने हात जपून उचलला आणि ठिपका जवळजवळ गोल आला. आत्याने चष्म्यावरून पाहिलं, पुढे वाकली आणि अंगठ्याने तो ओला ठिपका बाजूला ओढला. त्याला चांगली लांब शेपटी फुटली.

"आता बराबर झालं," ती म्हणाली. "पुढचं घे."